करंट कुठवर आला?

मला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांमध्ये शाळेतल्या बाई आहेत, कॉलेजातले सर आहेत आणि शिवाजी विद्यापीठातले माझे गाईड आहेत. या सगळ्यांचे आभार मी वेळोवेळी मानले, काहींचे प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापूनही. राहून गेले ते मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. शिक्षण सातवीपर्यंत. मी त्यांना मिस्त्री म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि आज मी बारावीच्या मुलांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन ज्या पद्धतीनं शिकवते ती पद्धत त्यांची आहे. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं असं फार दिवस वाटत होतं.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या दुकानाचं वर्णन करायला नको. एका बाजूला लेथचा आवाज, दुसऱ्या बाजूला फौंड्रीचा वास आणि मधे दहा बाय बाराचा गाळा. दारातच चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, आत भिंतीला खिळ्यांवर टांगलेले स्टार्टर आणि डायनॅमो. एका फळीवर तेलाच्या जुन्या डब्यांत तऱ्हेतऱ्हेचे पॉइंट, रोटर, कंडेन्सर. कुठल्या डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नाही, पण मिस्त्रींचा हात बरोबर त्याच डब्यात जातो.

त्यांच्याकडे मी गेले ती आमच्या आप्पांच्या पद्मिनीसाठी. आप्पा डॉक्टर. त्यांची प्रॅक्टिस गारगोटीला, आणि भुदरगड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री जायचं ते याच गाडीतून. त्या काळात गाडी पैसे मोजले की मिळायची नाही. नंबर लावायचा आणि वाट बघायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यातून ती बाहेर पडायची. मुळातली इटलीची फियाट ११००. आपल्याकडे सत्तरच्या दशकात ती पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि पुढच्या सलग बाकावर तीन माणसं आरामात. मुंबईची काळीपिवळी म्हणजे तर हीच. २००० सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी वयाची मर्यादा संपल्यामुळे मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. त्या बातमीच्या दिवशी वर्तमानपत्रातला फोटो पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आप्पा निवृत्त होऊन कोल्हापूरला आले तेव्हा गाडीही आली. ते गेले आणि गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. विकायची नाही, एवढंच आई म्हणाली. चालवायची कुणी हे कुणी ठरवलं नाही. कोल्हापूरचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. असे कितीतरी पावसाळे तिनं त्या शेडमध्ये काढले. टायर जमिनीला टेकले, सीटच्या काथ्यात उंदरांनी घर केलं, आणि ज्या बॉनेटवर आप्पा स्टेथोस्कोप ठेवून हात धुवायचे त्याच्यावर हिरवट बुरशी चढली.

आईची पंच्याहत्तरी आली तेव्हा तिला त्या गाडीतून गारगोटीला न्यायचं मी ठरवलं. एका गॅरेजमध्ये गाडी टोचन करून नेली. त्यांनी टाकी साफ केली, कार्बोरेटर उघडला, ब्रेक केले आणि ही कामं चांगली केली. पण गाडी सुरू होईना. करंट येत नाही म्हणून त्यांनी नवीन प्लग घातले. मग नवीन प्लगच्या वायरी. मग नवीन कॉइल. दर खेपेला एक पार्ट आणि एक बिल. काढलेले जुने पार्ट एका पिशवीत भरून त्यांनी डिकीत ठेवले होते. शेवटी, अख्खा डिस्ट्रिब्यूटर बदलू, पण तो आता कुठे मिळायचा, असं म्हणून त्यांनी हात टेकले. तिथल्याच एका पोरानं हळूच मला मिस्त्रींचं दुकान सांगितलं.

गाडी परत घरी आणली. मिस्त्री तिथं आले, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मी त्यांना काय काय बदललं ते सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते झालं. पर करंट कुठवर आला, ते बघितलं का कुणी?’’

मी गप्प राहिले. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. काय बिघडलं असेल, याचे अंदाज सगळ्यांनी केले होते. बॅटरीतून निघालेला प्रवाह वाटेत कुठपर्यंत पोचतो आणि कुठून पुढे जात नाही, ते पाहायला कुणी गेलं नव्हतं.

पिशवीतून त्यांनी काढला तो बल्ब. इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा बल्ब, होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला गोणी शिवायचा दाभण. मी कॉलेजातून मल्टिमीटर आणून ठेवला होता, तो पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आदरानं पाहिला आणि बाजूला ठेवला. ‘‘ताई, मीटर खोटं बोलत न्हाई. पर सगळं खरं बी सांगत न्हाई.’’ मग त्यांनी मला करून दाखवलं. कॉइलच्या प्लसवर माझ्या मीटरनं बारा व्होल्ट दाखवले. त्याच जागी दाभण टेकवला तर बल्ब निखाऱ्यासारखा लालसर, मेलेला.

व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातून जाताना दाब पडत नाही आणि मीटर पूर्ण आकडा दाखवतो, हे मी फळ्यावर दरवर्षी सांगत आले होते. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि गंज तेवढं देत नाही. वायरीला काम सांगितल्याशिवाय तिची ताकद कळत नाही, हे मिस्त्रींना त्या दाभणानं शिकवलं होतं. दोन्ही ज्ञानं एकच होती, पण त्यांचं ज्ञान गाडीजवळ उभं राहून झालेलं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण प्रत्येक पायरीला त्यांनी दाभण माझ्या हातात दिला. स्वतः करून मोकळे झाले असते तर अर्ध्या वेळात काम संपलं असतं.

सुरुवात त्यांनी परतीच्या वाटेपासून केली. करंट जातो कसा ते सगळे बघतात, येतो कसा ते कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला स्टार्टर मारायला सांगितला आणि नंतर चोकच्या तारेला हात लावायला सांगितलं. तार गरम होती. गाडीचं इंजिन रबराच्या बुशांवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. त्यांना जोडणारी तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते. आमची पट्टी कुजून गेली होती. स्टार्टर शंभर अँपिअरच्या वर ओढतो, आणि एवढ्या प्रवाहाला परत बॅटरीकडे जायला चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारेखेरीज रस्ता उरला नव्हता. त्यांनी नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायला लावली आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस फासलं. स्टार्टरचा आवाज त्याच क्षणी बदलला.

मग कॉइलपासून उलटं, बॅटरीच्या दिशेनं. इग्निशन स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर बल्ब लखलखीत, बाहेर पडणाऱ्या वायरीवर मंद. स्विचच्या आतले पितळेचे टेकू हिरवे पडले होते. पुढे डॅशबोर्डखाली उंदरांनी वायरीचं आवरण खाल्लं होतं आणि उघड्या तांब्याचे मोजकेच तंतू शिल्लक होते. मिस्त्री पाठीवर झोपून आत शिरले. तिथं त्यांचा हात थांबला.

‘‘ताई, डॉक्टर स्वतः काम करायचे का हो गाडीचं?’’

मला माहीत नव्हतं. त्यांनी मला आत डोकं घालायला लावून टॉर्चचा प्रकाश टाकला. एका वायरीच्या जोडावर काळी इन्शुलेशन टेप नव्हती, चिकटपट्टी होती, जखमेवर लावतात ती. नीट, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळलेली, पायाच्या बँडेजसारखी. नंतर डिकीतली पिशवी उघडली तेव्हा काढून टाकलेल्या जुन्या प्लगच्या वायरींवरही तीच चिकटपट्टी निघाली, आणि प्रत्येकीवर शाईनं आकडा. एक, तीन, चार, दोन. या इंजिनात ठिणगी ज्या क्रमानं पडते तो क्रम. अक्षर आप्पांचं. कुठल्यातरी आडरानात, पेशंट वाट बघत असताना, टॉर्चच्या उजेडात वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी ते लिहून ठेवलं असणार. घरात आप्पांनी गाडीबद्दल कधी काही सांगितलं नाही. त्यांच्या या अंगाची ओळख मला मिस्त्रींनी करून दिली.

‘‘हात स्वच्छ हुता त्यांचा,’’ मिस्त्री म्हणाले. चिकटपट्टीचा तो जोड त्यांनी दाभणानं तपासला, बल्ब लख्ख लागला, आणि तो त्यांनी तसाच राहू दिला. बाकी सगळी वायर बदलली. तेवढा जोड आजही गाडीत आहे.

आता कॉइलपर्यंत करंट आला. पुढे पॉइंट. इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण या यंत्रणेवर माझं मन जडलं ते इथं. बॅटरी बारा व्होल्टची. प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. हे करणारी कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या, एक जाड आणि थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. पहिलीतून प्रवाह वाहत असताना ठिणगी पडत नाही. तो प्रवाह तोडला की गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र एकदम ढासळतं आणि त्या ढासळण्यातून दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. फॅराडेनं १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व. मोटारीत ते बॅटरी, कॉइल आणि पॉइंट अशा रूपात अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास आणलं. प्रवाह तोडायचं काम दोन छोट्या धातूच्या टिकल्या करतात, तेच पॉइंट. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्या सेकंदाला शंभर वेळा मिटतात आणि उघडतात. त्यांच्या शेजारचा कंडेन्सर, टिकल्या उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडून सगळी शक्ती तिथं जळू नये, याची काळजी घेतो.

मिस्त्रींनी चिमटा इंजिनला लावला, दाभण कॉइलच्या मायनसवर टेकवायला सांगितला आणि स्टार्टर मारला. ‘‘लागला-विझला पायजे.’’ पॉइंट मिटले की प्रवाह त्यांच्यातून जमिनीला जातो आणि बल्ब विझतो. उघडले की बल्ब लागतो. आमचा बल्ब नुसता लागून राहिला. म्हणजे पॉइंट दिसायला मिटत होते, पण त्यांच्यावरच्या करड्या थरातून काहीच जात नव्हतं. बंद गाडीत सगळ्यात आधी मरतं ते हे, असं मिस्त्री म्हणाले. रोज चालणारी गाडी आपले पॉइंट आपणच उजळते.

त्यांनी पॉइंट बारीक कानशीनं साफ केले आणि त्यातून एक कोरं पोस्टकार्ड फिरवलं. टिकल्यांमध्ये राहिलेला एखादा कणही फट बिघडवतो. पॉइंट उघडणाऱ्या कॅमचं टोक बरोबर त्यांच्या टाचेखाली आणून फिलर गेजची पात लावली. फट अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत. पात फटीतून काढताना हाताला किती अडखळली पाहिजे, ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून त्यांनी माझ्या बोटांत पात धरायला देऊन मला ते दाखवलं. कंडेन्सर त्यांनी आपल्या डब्यातला, जुन्या गाडीवर चाललेला घातला. मग बल्ब लागू-विझू लागला, प्लगच्या वायरीतून निळी ठिणगी टचकन उडाली, आणि गाडी सुरू झाली. आई मागच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पायात चप्पल घालून सरळ येऊन गाडीत बसली.

त्या दिवशी आम्ही रंकाळ्यापर्यंत गेलो आणि तिथं गाडी गपकन बंद पडली. मिस्त्री सोबत होते. त्यांनी आधी एक प्लगची वायर उपसली. बंद पडल्या पडल्या बघायचं, थंड झाल्यावर पुरावा जातो. ठिणगी नव्हती, म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. कॉइलला हात लावता येईना इतकी तापली होती. ओलं फडकं टाकून पाऊण तास थांबलो, पुन्हा सुरू झाली, घरी येताना पुन्हा बंद.

‘‘कॉइल नवी हाय, पर हिची न्हाई वाटत,’’ ते म्हणाले. असं का वाटतं ते त्यांना सांगता येईना. तेव्हा त्यांच्या दुकानात मी मल्टिमीटर काढला. आधी त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला, आणि नव्या कॉइलची जाड गुंडाळी मोजली. दीड ओहम. पिशवीतली जुनी कॉइल मोजली. तीनच्या जरा वर. दीड ओहमची कॉइल ज्या गाड्यांच्या वाटेत वेगळा रेझिस्टर असतो त्यांच्यासाठी. आमच्या गाडीत तो नाही. मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: बारा भागिले तीन, चार अँपिअर. बारा भागिले दीड, आठ अँपिअर. पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यावर दुप्पट प्रवाह, आणि कॉइलच्या पोटात दुप्पट उष्णता. मिस्त्री ते वाचत बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपली वही काढली आणि त्यात ते दोन आकडे उतरवून घेतले. जुनी कॉइल परत बसवली, जी कधीच बिघडलेली नव्हती, आणि गाडी तापल्यावरही चालत राहिली. आईला घेऊन आम्ही गारगोटीला गेलो, थेट आप्पांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत.

मिस्त्रींनी मजुरी घेतली. वायर, पट्टी, कंडेन्सर, सगळ्याचा हिशोब कागदावर मांडून रुपयाला रुपया घेतला, आणि मला ते फार आवडलं. शिकवल्याचं काही द्यायला गेले तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. ज्यानं त्यांना शिकवलं त्या उस्तादानं घेतलं नव्हतं, एवढंच त्यांनी सांगितलं. माझ्यावरचं ऋण त्या मागे घेतलेल्या हाताचं आहे.

पुढच्या वर्षीच्या बारावीच्या वर्गात मी प्रवर्तनाचा धडा सूत्रानं सुरू केला नाही. मिस्त्रींनी भंगारातून दिलेला एक डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, बॅटरी आणि बल्ब टेबलावर ठेवले. ठिणगीची वायर मात्र मी स्वतःच्या हाताखेरीज कुणाच्या हाती देत नाही. मुलांनी शाफ्ट बोटांनी फिरवला, बल्ब लागला-विझला. मग मी एकेक वायर गुपचूप सैल केली आणि त्यांना एकच विचारलं, करंट कुठवर आला? उत्तर चुकलं तरी चालेल, पण बल्ब लावून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. अंदाज सांगणाऱ्या हुशार मुलांना हे जड गेलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं, जिनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, सैल वायर सगळ्यांआधी शोधली, कारण ती घाई न करता एकेक जागा तपासत गेली. त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेत मुलांचं मूल्यमापन निराळं करते. आकडा बरोबर आला का, याआधी मी पाहते की त्यांनी कुठून सुरुवात केली.

एकदा मिस्त्रींना मी वर्गात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीवर बसायला तयार नव्हते. एका मुलानं विचारलं, सगळं तपासूनही दोष सापडला नाही तर काय करायचं? ते म्हणाले, ‘‘सगळं तपासलंच न्हाई. एक जागा सोडलीय. ती ठीक हाय असं आपल्याला वाटतंय, ती.’’ मी मागे उभी राहून मुलांबरोबर ते वहीत लिहून घेतलं.

आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. नव्या गाड्यांना स्कॅनर लावतो, आणि ते कामही तो मन लावून करतो. मिस्त्री जुन्या गाड्यांचे पॉइंट करायला बसतात. चांगले पॉइंट मिळणं अवघड झालंय, म्हणून मुलानं आमच्या पद्मिनीसाठी पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट आणलं. गेल्या महिन्यात मिस्त्रींचा फोन आला. यात काहीच कशाला टेकत नाही, मग करंट तुटतो कसा, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. समजल्याशिवाय ते डॉक्टरांच्या गाडीत घालणार नव्हते.

रविवारी एक चुंबक, बॅटरी आणि हॉल सेन्सर घेऊन मी उद्यमनगरात गेले. वाहत्या प्रवाहाजवळ चुंबक आणला की त्याच्या आडव्या दिशेला बारीकसा दाब तयार होतो, हे १८७९ मध्ये एडविन हॉलनं दाखवलं. तो दाब ओळखून किटमधला ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. मिस्त्रींनी चुंबक स्वतः हातात घेऊन पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. मग विचारलं, हे वाटेत बंद पडलं तर बल्ब कुठं लावायचा? कॉइलच्या मायनसलाच, मी म्हणाले, तिथं तो तसाच लागेल-विझेल. ते पटलं. किट बसवायचं ठरलं. जुनी पॉइंटची प्लेट, फट लावून, कंडेन्सरसकट डिकीत ठेवायची, असं त्यांनी मुलाला बजावलं, आणि कॉइलचा रोध किटला चालतो का ते आधी मोजून घ्या, असं मला.

मोजला. चालतो.